कर्नल सँडर्स ६५ वर्षांपर्यंत अपयशी नव्हते, त्यांचं भरभराटीला आलेलं हॉटेल एका हायवेने गिळलं होतं

नाशिकहून गाडीने मुंबईला निघालं की चहाला कुठं थांबायचं हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. कुणी इगतपुरीच्या अलीकडे थांबतं, कुणाला कसारा घाट उतरल्याशिवाय भूक लागत नाही. कुणाची मिसळ ठरलेली, कुणाची पिठलं-भाकरी. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि घाटाला बगल देऊन बोगद्यातून जायची सोय झाली. प्रवाशासाठी चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं तवा टाकून बसलेल्या माणसाला अशी बातमी वाचली की आधी गल्ला आठवतो.

साधारण ७० वर्षांपूर्वी अमेरिकेत एका हॉटेलवाल्यावर हीच वेळ आली होती. त्याचा चेहरा तुम्ही हजार वेळा बघितलाय. पांढरा सूट, पांढरी बोकडदाढी, काळा चष्मा आणि गळ्यात काळी फीत. केएफसीच्या बकेटवरचे आजोबा. कर्नल हार्लंड सँडर्स.

आता या आजोबांची स्टोरी तुमच्या फॅमिली ग्रुपवर किमान दोनदा तरी येऊन गेली असणार. आयुष्यभर सगळ्यात नापास झालेला माणूस, ६५व्या वर्षी हातात १०५ डॉलरचा चेक, जीव द्यायला निघालेला, मग अचानक आठवतं की आपल्याला चिकन चांगलं येतं, मग १००९ लोक नाही म्हणतात आणि १०१०वा हो म्हणतो. खाली दोन हात जोडलेले आणि एक उगवता सूर्य.

स्टोरी भारी आहे, पण तिच्यात मधली २५ वर्षं गायब आहेत. आणि या माणसाचं खरं आयुष्य त्याच २५ वर्षांत आहे. कारण बकेटवर चेहरा छापला जायच्या कितीतरी आधी तो एका लहान गावातला नावाजलेला हॉटेलमालक होता.

सुरुवातीपासून बघू.

हार्लंड सँडर्सचा जन्म ९ सप्टेंबर १८९० चा. इथेच पहिला धक्का आहे. केंटकी फ्राईड चिकनवाला माणूस केंटकीचा नव्हताच, शेजारच्या इंडियाना राज्यातल्या हेन्रीव्हिल गावाजवळचा होता. पाच वर्षांचा असताना वडील गेले. आई टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला जायला लागली आणि घरातल्या धाकट्या भावंडांना खाऊ घालायचं काम थोरल्या हार्लंडवर आलं. सातव्या वर्षी तो पाव भाजत होता, भाज्या करत होता. हौस म्हणून नाही, आई कामावर आणि लहान भावंडं भुकेली म्हणून. पुढे जगभर विकला गेलेला हात या घरात तयार झाला.

आईने दुसरं लग्न केलं. सावत्र बापाशी पोराचं पटेना. सातवीत शाळा सुटली, तेराव्या वर्षी घर सुटलं. इंडियानापोलिसमध्ये घोडागाड्या रंगवायचं काम केलं. १९०६ मध्ये वय खोटं सांगून सैन्यात शिरला आणि थेट क्यूबाला गेला. तिथे काम काय, तर खेचरांच्या गाड्या हाकायच्या. काही महिन्यांत तेही संपलं. पुढे लोक त्याला कर्नल म्हणू लागले त्याचा या नोकरीशी काडीचाही संबंध नाही, पण ते नंतर.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांची यादी वाचताना दम लागतो. रेल्वे इंजिनात कोळसा टाकला. पत्राद्वारे कायद्याचा अभ्यास करून अर्कान्सामध्ये वकिली केली आणि कोर्टात स्वतःच्याच अशिलाशी हाणामारी करून ती घालवली. विमा विकला. ओहायो नदीवर फेरीबोटीची कंपनी काढली, ती चालली. त्यातून निघालेले पैसे गॅसच्या दिव्यांच्या धंद्यात घातले, ते बुडाले, कारण तोवर लोकांकडे वीज यायला लागली होती. मिशलिनचे टायर विकले. पेट्रोल पंप चालवला, तो १९३० च्या महामंदीत बंद पडला. मधल्या काळात लग्न झालं, तीन मुलं झाली. एकुलता मुलगा १९३२ मध्ये गेला, टॉन्सिलचा संसर्ग अंगात भिनून. आज ज्या दुखण्यावर डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात, त्याने.

धंदे बुडाले यातलं काही खोटं नाही. पण नीट बघितलं तर हा माणूस बहुतेक वेळा आळसाने नाही, तर तोंडाने आणि हाताने काम घालवत होता. रागीट, शिवराळ, मागे न हटणारा. हा स्वभाव शेवटपर्यंत गेला नाही आणि गोष्टीच्या शेवटी तोच कामाला येतो.

१९३० मध्ये शेल कंपनीने त्याला केंटकीतल्या कॉर्बिन गावाच्या उत्तरेला एक पेट्रोल पंप चालवायला दिला. भाडं नाही, विक्रीवर हिस्सा. जागा कशी होती, तर उत्तरेकडच्या शहरांतून फ्लोरिडाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर. थंडीत अख्खा अमेरिकन मध्यमवर्ग गाडी काढून दक्षिणेला निघायचा तो या पंपासमोरून. म्हणजे आपल्याकडे मुंबई-आग्रा हायवेला जी जागा मोक्याची म्हणतात, तशी.

पेट्रोल भरायला थांबलेले लोक विचारायचे, इथं खायला कुठं मिळेल. सँडर्सने एक दिवस घरातलंच जेवणाचं टेबल पंपाच्या खोलीत मांडलं. सहा खुर्च्या. घरच्यांसाठी जे शिजायचं तेच पाहुण्याच्या ताटात. बस, हॉटेल सुरू.

त्या ताटात काय असायचं ते जरा सांगायला हवं, कारण केएफसी म्हटलं की आपल्याला बर्गर आणि कोल्ड्रिंक आठवतं. सँडर्सच्या टेबलावर अमेरिकेच्या दक्षिणेकडचं घरगुती जेवण होतं. लोखंडी तव्यात थोड्या तेलात सावकाश तळलेली कोंबडी. मीठ चोळून महिनोन्महिने मुरवलेलं डुकराचं मांस, ज्याला तिकडे कंट्री हॅम म्हणतात. कुस्करलेला बटाटा, शेंगांची भाजी. गरम बिस्किटं, पण पार्लेजी डोळ्यासमोर आणू नका, ही बिस्किटं म्हणजे पदर सुटणारा मऊसूत, ताजा भाजलेला पाव. आणि या सगळ्यावर ओतायला ग्रेव्ही. कोंबडी तळून झाली की तव्याच्या बुडाला जी खरवड उरते, तिच्यात पीठ परतून, दूध घालून, ढवळत ढवळत घट्ट केलेली. आपल्याकडे आजी मटणाच्या पातेल्याची खरवड टाकू देत नाही, त्यातलाच प्रकार.

इंग्रजीत याला कम्फर्ट फूड म्हणतात. आपल्यासाठी वरण-भात-तूप जे आहे, ते तिकडच्या माणसासाठी हे. आणि हे जेवण काही सँडर्सने शोधलेलं नव्हतं. दक्षिणेतल्या या तळलेल्या कोंबडीमागे गुलामगिरीच्या काळात गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबलेल्या कृष्णवर्णीय बायकांचा हात मोठा आहे. त्यांच्यापैकी कुणाचा चेहरा बकेटवर नाही, ही गोष्टही इथेच नोंदवून ठेवू.

कॉर्बिनचा तो भाग तेव्हा साधासुधा नव्हता. चोरटी दारू, बंदुका, हाणामाऱ्या. समोरच्या बाजूला मॅट स्टुअर्ट नावाच्या माणसाचा दुसरा पंप होता. सँडर्सने रस्त्याकडेच्या भिंतीवर आपल्या पंपाची जाहिरात रंगवायची आणि स्टुअर्टने ती पुसायची, असं चाललं होतं. ७ मे १९३१ ला स्टुअर्ट पुन्हा रंगाचा डबा घेऊन गेल्याचं कळलं तेव्हा सँडर्स शेल कंपनीच्या दोन माणसांना घेऊन तिथे पोचला. स्टुअर्टने गोळी झाडली. शेलचा मॅनेजर रॉबर्ट गिब्सन जागेवर गेला. सँडर्सकडून उलट गोळीबार झाला, स्टुअर्ट जखमी झाला. पुढे स्टुअर्टला खुनाबद्दल शिक्षा झाली आणि सँडर्स सुटला. एका भिंतीवरच्या बोर्डासाठी माणूस मेला. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाची किंमत तिथं एवढी होती. मोटिवेशनल पोस्टमध्ये हा प्रसंग कुणी घेत नाही, आणि का घेत नाही ते कळतंच.

हॉटेल मात्र वाढत गेलं. सहा खुर्च्यांचं टेबल अपुरं पडायला लागल्यावर सँडर्सने स्वतंत्र जागा केली. १९३५ मध्ये राज्याचे गव्हर्नर रुबी लफून यांनी त्याला केंटकी कर्नल ही पदवी दिली. ही लष्करातली हुद्द्याची पायरी नाही, राज्याने दिलेला मान आहे, आपल्याकडच्या रावबहादूरसारखा. तर आता कर्नल झालेत म्हटल्यावर आपणही इथून पुढे अहो-जाहो करू.

१९३९ मध्ये त्या काळातले प्रसिद्ध खाद्यप्रवासी डंकन हाइन्स यांनी आपल्या मार्गदर्शिकेत सँडर्स यांच्या हॉटेलचं नाव छापलं. तेव्हा ना गुगल रिव्ह्यू, ना रील्स. गाडीच्या डॅशबोर्डवर हाइन्सचं पुस्तक ठेवून लोक प्रवास करायचे आणि त्यात नाव येणं म्हणजे धंद्याला मुहर लागणं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हॉटेल आगीत जळालं. कर्नलनी नव्याने बांधलं आणि ४ जुलै १९४० ला पुन्हा उघडलं. आता १४० च्या आसपास माणसं एका वेळी बसतील एवढं, शेजारी मुक्कामासाठी खोल्या.

इथली एक युक्ती मला फार आवडते. रस्त्याकडेचे लॉज तेव्हा बदनाम होते, घाणेरडे असतात असा समज होता. कर्नलनी ओळखलं की मुक्काम करायचा की नाही हे कुटुंबात बाई ठरवते. म्हणून त्यांनी हॉटेलच्या आतच, जेवणाच्या दालनातून महिलांच्या स्वच्छतागृहाकडे जाताना वाटेत लागेल अशी एक नमुन्याची खोली करून ठेवली. पलंग, चादरी, न्हाणीघर, सगळं. जाता-येता तिने बघायचं आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगायचं की आज इथेच राहू. १९४० मध्ये. मार्केटिंग शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावं असं उदाहरण आहे.

कोंबडीची मात्र एक अडचण होती. तव्यात नीट तळायची तर अर्धा तास लागतो. वाटसरूला एवढा वेळ नसतो. आधीच तळून ठेवावी तर शिळी लागते. खोल तेलात झटपट तळलेली कर्नलना पसंत नव्हती. १९३९ च्या सुमारास प्रेशर कुकर बाजारात आले होते. लोक त्यात शेंगा शिजवायचे. कर्नलनी त्यात तेल घालून कोंबडी तळून बघितली आणि भांड्यात फेरफार करत करत वेळ आठ-नऊ मिनिटांवर आणली. बाहेरून कुरकुरीत, आतून रसरशीत. (आपल्या घरच्या कुकरमध्ये हा प्रयोग अजिबात करू नका. उकळतं तेल आणि दाब एकत्र आले की काय होतं ते सांगायची गरज नाही.) ११ मसाल्यांचं मिश्रणही याच सुमारास, १९४० मध्ये पक्कं झालं.

म्हणजे बघा. तंत्र तयार, मसाला तयार, नाव झालेलं, हॉटेल भरलेलं. तेव्हा कर्नलचं वय पन्नास. ६५ला अजून १५ वर्षं बाकी.

महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं, प्रवासी आटले, कर्नलना काही काळ दुसरीकडे सरकारी कामाच्या ठिकाणी खाणावळी सांभाळाव्या लागल्या. मागे कॉर्बिनचं हॉटेल क्लॉडिया नावाच्या सहकारी बघत होत्या. १९४७ मध्ये पहिल्या पत्नी जोसेफिन यांच्याशी घटस्फोट झाला आणि १९४९ मध्ये कर्नलनी क्लॉडियाशी लग्न केलं. या बाईंचं नाव लक्षात ठेवा.

युद्धानंतर रस्ता पुन्हा वाहायला लागला. याच काळात कर्नलनी पांढरा सूट, काळी फीत आणि दाढी हा अवतार धरला. दाढी-मिशीही ब्लीच करून पांढरी केलेली. पांढऱ्या कपड्यावर पिठाचे डाग दिसत नाहीत, हा त्यातला व्यावहारिक भाग.

१९५२ मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीजवळ हॉटेल चालवणाऱ्या पीट हार्मन या ओळखीच्या माणसाकडे ते गेले, त्याच्या स्वयंपाकघरात स्वतः कोंबडी करून घातली आणि ती त्याच्या मेन्यूत गेली. केंटकी फ्राईड चिकन हे नाव तिथे बोर्ड रंगवणाऱ्या डॉन अँडरसनला सुचलं. युटात केंटकीचं नाव लांबचं आणि खास वाटेल, हा हिशेब. हार्मनचा धंदा उसळला. पुढे १९५७ मध्ये बकेटही हार्मननेच आणली.

थोडक्यात, पहिला होकार ६५व्या वर्षी १००९ नकारांनंतर आलेला नाही. तो तीन वर्षं आधी, ओळखीतून, एका जेवणावर आलेला आहे. मग १०५ डॉलरचा चेक? तोही खोटा नाही. तिकडे वळू.

कॉर्बिनचं हॉटेल इतकं जोरात होतं की त्या मालमत्तेला १ लाख ६४ हजार डॉलरची मागणी आली होती. कर्नलनी नाही म्हणून सांगितलं. चालता धंदा कोण विकतं. मग अमेरिकेत देशभर नवे द्रुतगती महामार्ग बांधायचं ठरलं. जून १९५६ मध्ये त्याचा मोठा कायदा झाला. त्यातला उत्तर-दक्षिण जाणारा इंटरस्टेट ७५ कॉर्बिनला बगल देऊन पश्चिमेकडून जाणार होता.

रस्ता प्रत्यक्षात व्हायला अजून काही वर्षं होती. एक खडीही पडलेली नव्हती. पण हॉटेल नुसतं पदार्थावर चालत नाही, ते समोरून जाणाऱ्या गाड्यांवर चालतं, आणि गाड्या उद्या नसणार हे नकाशावर दिसलं की जागेची किंमत आजच पडते. १९५६ मध्ये लिलाव झाला. १ लाख ६४ हजार नाकारलेली जागा ७५ हजार डॉलरला गेली. त्यातून देणी आणि कर भागले. कर्नलच्या हातात किरकोळ बचत राहिली आणि सरकारी निवृत्तिवेतनाचे महिन्याला १०५ डॉलर.

चिकन तेच होतं. मसाला तोच. स्वयंपाकी तोच. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईकही खूशच होतं. यात कर्नल कुठं चुकले ते मला शोधूनही सापडत नाही. मुंबई नाक्यावरून, द्वारका चौकावरून उड्डाणपूल गेला तेव्हा खालच्या दुकानदारांनी वर बघून जे मनात म्हटलं असेल, तेच कर्नलनी म्हटलं असणार. थोडं जास्त शिवराळ भाषेत.

पण त्यांच्याकडे एक वस्तू अशी होती जी कॉर्बिनच्या जमिनीला बांधलेली नव्हती. गिऱ्हाईक हॉटेलपर्यंत येणार नसेल तर चिकन गिऱ्हाइकाच्या गावी न्यायचं. कुकर आणि मसाल्याच्या पिशव्या गाडीत टाकून ६६ वर्षांचा हा गृहस्थ राज्याराज्यांतून फिरायला लागला. चालणारं हॉटेल दिसलं की मालकाला गाठायचं, त्याच्या स्वयंपाकघरात कोंबडी करून मालकाला आणि कामगारांना खिलवायची. पटलं तर हस्तांदोलन. दर कोंबडीमागे चार-पाच सेंट कर्नलचे. मसाला काय आहे ते कुणालाच सांगायचं नाही, तयार मिश्रण टपालाने पाठवायचं. कित्येक रात्री गाडीतच झोप.

आणि ते टपाल कोण पाठवायचं? क्लॉडिया. कर्नल रस्त्यावर असताना घरी मसाले कालवून, पिशव्या भरून, पत्ते लिहून रवाना करायचं काम त्यांचं. कंपनी म्हणजे तेव्हा एक म्हातारा, एक गाडी आणि एक बाई, एवढंच. १९५९ मध्ये दोघं केंटकीतल्याच शेल्बीव्हिलला मोठ्या घरात राहायला गेले आणि तेच कंपनीचं ऑफिस झालं. १९६३ पर्यंत ६०० च्या वर हॉटेलांत हे चिकन मिळत होतं.

१९६४ मध्ये जॉन ब्राउन हा नुकताच तिशीत पोचलेला वकील आणि जॅक मॅसी हा मुरलेला भांडवलदार यांनी कंपनी विकत मागितली. किंमत २० लाख डॉलर, वर आयुष्यभर पगार आणि कर्नलनी जाहिरातीत चेहरा द्यायचा. कॅनडाचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले. शेअर मात्र घेतले नाहीत. ७ वर्षांनी, १९७१ मध्ये, हीच कंपनी ह्यूब्लीन या दारू-खाद्यपदार्थ कंपनीने २८ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. शेअर न घेण्याची किंमत प्रत्येकाने आपापल्या कॅल्क्युलेटरवर काढावी.

पण कर्नलना पैशापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. ग्रेव्ही.

नव्या मालकांना हजारो दुकानांत एकसारखा, स्वस्त आणि पोरसवदा कामगारालाही जमेल असा माल हवा होता. तव्याची खरवड, पीठ परतणं, चव बघत ढवळणं, हे त्यात बसत नव्हतं. त्यांनी ग्रेव्ही सोपी केली. कर्नल न सांगता एखाद्या दुकानात शिरायचे, मागे जाऊन ग्रेव्हीत चमचा बुडवून चाखायचे आणि मग सगळ्यांसमोर तिचा उद्धार करायचे. पत्रकारांसमोरही. भिंतीला कागद चिकटवायच्या खळीशी त्यांनी तिची तुलना केली. केंटकीतल्याच बोलिंग ग्रीन इथल्या केएफसी चालवणाऱ्यांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९७८ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण कर्नलचे शब्द त्या एका दुकानाला उद्देशून नव्हते. ते सगळ्यांनाच होते!

स्वतःच्या चेहऱ्याच्या कंपनीला माणूस भर चौकात शिव्या घालतोय आणि कंपनी त्याला काढूही शकत नाही, कारण लोक बकेटवर त्यालाच बघून येतायत.

कर्नलनी याहून मोठी एक गोष्ट केली. शेल्बीव्हिलच्या घराला लागून त्यांनी आणि क्लॉडियांनी स्वतःचं हॉटेल काढलं. बकेट नाही, काउंटर नाही. खुर्चीवर बसून, भांड्यांतून वाढून घेऊन जेवायचं. तळलेली कोंबडी, कंट्री हॅम, गरम पाव, भाज्या. जे कॉर्बिनच्या सहा खुर्च्यांवर होतं तेच. नाव ठेवलं कर्नलची बायको क्लॉडिया यांच्या नावावरून, आणि त्या नावात कर्नलही होते. ह्यूब्लीनने हरकत घेतली, कारण कर्नल हा शब्द आणि तो चेहरा आता त्यांनी विकत घेतलेला. कर्नलनी उलट १२ कोटींच्या वर डॉलरचा दावा ठोकला. विचार करा, माणसाला स्वतःच्या बायकोच्या हॉटेलला स्वतःचं बिरुद लावता येईना. शेवटी कोर्टाबाहेर दहा लाख डॉलरवर तडजोड झाली, पाटीवरून कर्नल गेले आणि क्लॉडिया सँडर्स डिनर हाउस एवढं नाव राहिलं. पुढे ते दुसऱ्यांनी चालवायला घेतलं. १९९९ मध्ये ते आगीत जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं, अगदी कॉर्बिनसारखं.

१९८० मध्ये कर्नलना रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. १६ डिसेंबर १९८० ला न्यूमोनियाने लुइव्हिलमध्ये ते गेले. वय ९०. केंटकीच्या विधान भवनात पार्थिव दर्शनाला ठेवलं होतं. पुरलं तेही पांढऱ्या सुटात आणि काळ्या फितीत. तोवर ४८ देशांत मिळून साधारण ६००० दुकानं झाली होती. भारत त्यात नव्हता. केएफसी भारतात आलं ते १९९५ मध्ये बंगळुरूला, आणि आल्या आल्या प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या शेतकरी संघटनेच्या आंदोलनात सापडलं. जानेवारी १९९६ मध्ये दुकानाची तोडफोड झाली. ती वेगळीच स्टोरी आहे, तिच्यावर कधीतरी सविस्तर बोलू.

क्लॉडिया १९९६ च्या शेवटच्या दिवशी गेल्या.

आणि कॉर्बिनचं ते हॉटेल? लिलावात गेलेली इमारत पाडली नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत तिची नोंद झाली आणि जुनं स्वयंपाकघर, जेवणाचं दालन डागडुजी करून पुन्हा उघडलं. ती नमुन्याची खोलीही तिथे आहे, पलंगावर चादर घातलेली. बघायला येणारे लोक इंटरस्टेट ७५ वरून येतात. कॉर्बिनचा फाटा आला की गाडी खाली उतरवायची आणि जुन्या रस्त्याने थोडं आत जायचं.